लायसन्सवरची तारीख



तुमच्यापैकी किती जणींना स्वतःच्या ड्रायव्हिंग लायसन्सवरची शेवटची तारीख माहीत आहे? मला नव्हती. मी बी.कॉम., आणि आमच्या घरात तारखांची वही माझ्याकडे. एफडी कधी मुदतीला येते, विम्याचा हप्ता कधी, गाडीची पीयूसी कधी, बँकेच्या लॉकरचं भाडं कधी, सगळं त्या लाल वहीत. आमचे हे दुकानातून फोन करून विचारतात, "अगं, वहीत बघ." एवढा रुबाब. आणि त्याच वहीने मला परदेशात जाऊन तोंडावर पाडलं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेले. डॅलसजवळच्या एका उपनगरात ते राहतात. तिकडे दुधाची पिशवी आणायची तरी गाडी लागते. आपल्यासारखं चप्पल घातली आणि कापड बाजारात गेलं, असं नाही. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतो साडेआठनंतर, त्यामुळे चौविहाराला भरपूर वेळ मिळतो, पण स्थानकात जायला मात्र गाडीवाला शोधावा लागतो.

निघण्याआधी ह्यांनी आग्रह करून माझं आंतरराष्ट्रीय लायसन्स काढून घेतलं. त्याला आयडीपी म्हणतात. ज्या आरटीओतून आपलं मूळ लायसन्स, तिथेच ते मिळतं. फी हजार रुपये, छोटीशी पुस्तिका असते. भारत आणि अमेरिका दोघेही १९४९ च्या जिनिव्हा करारात आहेत, म्हणून तिकडे पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला मूळ लायसन्सच्या जोडीला ती पुस्तिका चालते. मी तीस वर्षं गाडी चालवते आहे, आधी मारुती आठशे, आता वॅगन आर. तेव्हा ती पुस्तिका पर्समध्ये ठेवून मोठ्या तोऱ्यात विमानात बसले. मे महिन्यात जावईबापूंना शेजारी बसवून दोनदा गाडी चालवलीसुद्धा. उजवीकडून चालवायचं म्हणजे वळणावर हात आपोआप चुकतो, पण जमलं.

२ जुलैला नात झाली. दवाखान्यात आत जाताना प्रत्येकाचं ओळखपत्र बघतात. मी पासपोर्ट दाखवला. जावईबापूंनी लायसन्स दिलं. काउंटरवरची मुलगी ते मशीनमध्ये घालून म्हणाली, हे तर संपलंय. तरी बाळाचे बाबा म्हणून तिने आत सोडलं. लिफ्टमध्ये मी काही बोलले नाही. बाहेर पडल्यावर विचारलं, "कधी संपलं?"

"आई, परवाच, ३० जूनला. काळजी करू नका, सगळ्यांचंच असं होतं."

आणि खरंच तिकडे आपल्या मुलांचं असं होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आपल्याकडे लायसन्सची मुदत वयावर ठरते. तिकडे परदेशी माणसाची ठरते त्याच्या व्हिसाच्या मुक्कामावर. २००५ साली तिथे 'रिअल आयडी' नावाचा कायदा झाला. तेव्हापासून त्या कायद्याखालचं कार्ड परदेशी माणसाला जेवढा मुक्काम मंजूर, तेवढ्याच मुदतीचं मिळतं. त्यावर तसं छापलेलंही असतं. जावईबापू एच-वन-बी व्हिसावर, लेक त्यांच्यामागे एच-फोरवर. दोघांच्या मुक्कामाची तारीख एक, म्हणून दोघांची लायसन्सं एकाच दिवशी गेली. घरात दोन गाड्या, चालवू शकणारं कायदेशीर माणूस एकही नाही.

आता गंमत बघा. मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला असेल, तर तिथला कायदा निकाल लागेपर्यंत २४० दिवस नोकरी करू देतो. म्हणजे ऑफिसला जायला परवानगी आहे, ऑफिसपर्यंत गाडीने जायला नाही. लायसन्सच्या खिडकीवरचा माणूस केंद्र सरकारच्या नोंदींशी संगणकावर पडताळणी करतो. नोंद जुळली तर पुढचं काम, नाही तर थांबा. काही राज्यं अर्जाच्या पावतीवर थोडी मुदत वाढवून देतात, काही देत नाहीत. आमच्या मुलांना सांगितलं, पडताळणी बाकी आहे, आली की कळवू. अर्ज खरं तर सहा महिने आधी करता येतो. ह्यांचा कंपनीच्या वकिलाने केला जूनमध्ये. कंपनीला आधीपासून आठवण कोणी करायची? मी म्हटलं, "तुम्ही." ते हसले.

मग मी छाती पुढे काढून म्हणाले, "गाडी मी चालवते. माझ्याकडे आयडीपी आहे." पर्समधून पुस्तिका काढली, चष्मा लावला. आयडीपी एक वर्षाचं असतं, पण मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर त्याच दिवशी तेही संपतं. माझं लायसन्स २०१९ मध्ये नूतनीकरण झालेलं. पंचावन्नच्या पुढे पाचच वर्षांचं मिळतं. तारीख होती १९ जून २०२४. दहा-बारा दिवस उलटून गेले होते. लाल वहीत विम्याचे हप्ते होते, लॉकर होता, आणि लायसन्स नव्हतं. जावईबापूंना दोन मिनिटांपूर्वी मारलेला टोमणा मला तिथल्या तिथे परत मिळाला. ते बिचारे काही बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

पण मी बसणार नाही म्हणाले. त्या गाडीत मी बसणार नाही आणि बाळालाही बसवू देणार नाही. लेक दवाखान्यातल्या पलंगावर होती, टाके ओले. ती म्हणाली, "आई, तू माझं करायला आलीस की कायदा शिकवायला?" ते लागलं मला. तिला सगळं सांगायला हवं होतं, पण ती वेळ नव्हती. तुम्हाला सांगते.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या दुकानाचा एक टेम्पो होता. आडते बाजारातून माल भरून केडगावच्या पुढे जायचा. ड्रायव्हर चांगला, निर्व्यसनी, सात वर्षं आमच्याकडे. एका संध्याकाळी एक सायकलवाला मध्ये आला. चूक कोणाची म्हणाल, तर मला अजून माहीत नाही. त्या माणसाचा पाय गेला. विमा होता, हप्ता वेळेवर भरलेला, माझ्याच वहीप्रमाणे. पण विमा कंपनीने पहिलं मागितलं ड्रायव्हरचं लायसन्स, आणि ते दोन महिन्यांपूर्वी संपलेलं निघालं. त्याला वाटलं होतं दिवाळीनंतर करू. आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

२००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वरण सिंग यांच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे, की जखमी माणसाला विमा कंपनीने भरपाई द्यावी, आणि मालकाने लायसन्सबाबत निष्काळजीपणा केला असेल तर ती रक्कम मालकाकडून वसूल करावी. आमचं तसंच झालं. त्या माणसाला पैसे मिळाले, याचं समाधान आहे. ते आम्ही आमच्या दोन एफडी मोडून भरले. त्यातली एक ह्याच लेकीच्या नावाची होती. तिला ते माहीत नाही, ती तेव्हा शाळेत होती. पैशांपेक्षा मला आठवतं ते कोर्टाच्या व्हरांड्यात त्या माणसाची बायको माझ्या शेजारी बाकावर बसली होती ते. तिने मला विचारलं, "ताई, तुमच्या माणसाकडं कागद नव्हता का?" मी काय सांगणार होते?

आणि दुसरं एक कारण. रोजच्या प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे अतिचार आपण म्हणतो, त्यात 'विरुद्धरज्जाइक्कमे' येतं. राज्याच्या कायद्याविरुद्ध वागणं, तेही अदत्तादानाच्या खात्यात मांडलेलं. मी व्यापाऱ्याच्या घरातली, मला वाटायचं हे जकात, विक्रीकर, काट्यात खोट, एवढ्यापुरतं. न मिळालेला परवाना वापरणं हेही न दिलेलं घेणंच, हे माझ्या डोक्यात परक्या देशातल्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये आलं.

४ जुलैला शेजारच्या गुजराती बेनने आम्हाला घरी आणलं. त्या दिवशी त्यांचा स्वातंत्र्यदिन, रात्रभर फटाके. जावईबापू घरून काम करू लागले. किराणा फोनवरून मागवायचा, दवाखान्याला टॅक्सी. टॅक्सीतही बाळासाठी आपली वेगळी सीट पट्ट्याने बांधून न्यावी लागते. मी ते शिकले. दोन दिवस सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं आणि मी मनातून जरा फुगलेही होते.

६ तारखेला बाळ पिवळं दिसायला लागलं. कावीळ. नव्या बाळांना होते, आपण उन्हात धरतो. सकाळी रक्त देऊन आलो. रात्री अकरा वाजता डॉक्टरांचा फोन आला, आकडा वाढलाय, आत्ता घेऊन या. बेन गावाला गेलेली. टॅक्सी आधी चौदा मिनिटं दाखवत होती, मग एकवीस, मग तीही रद्द झाली. लेक उभी राहून रडत होती. जावईबापूंनी खुंटीवरची किल्ली घेतली आणि माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. मी बाळाची सीट उचलली आणि गाडीत मागे बसले.

अंतर नऊ-दहा किलोमीटर असेल. मध्ये एक पोलिसांची गाडी दिवे फिरवत आमच्या बाजूने पुढे गेली. जावईबापूंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. मी नवकार म्हणत होते, पण खरं सांगू, बाळासाठी किती आणि त्या दिव्यांसाठी किती, ते मला वेगळं करता येत नव्हतं. अँब्युलन्स बोलवायची कोणाला सुचली नाही. नंतर सुचली.

बाळाला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं, आकडा उतरला. आता ती वर्षाची होऊन गेली, फोनवर मला 'नानी' म्हणते. लेकीने पुढे तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताशी मी अडखळले. मिच्छामि दुक्कडं म्हटलं. पण पुन्हा तशी रात्र आली तर मी बसेन की नाही, असं स्वतःला विचारलं, तेव्हा उत्तर 'बसेन' असंच आलं. मग ते मिच्छामि दुक्कडं खरं की काय? पुढे इथे आल्यावर एका महासतीजींना हे विचारलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "रात्रीचं राहू दे. त्याआधी सहा महिने काय केलं, ते बघ."

कंपनीने जास्तीची फी भरून अर्ज लवकर निकाली काढून घेतला, तेव्हा जुलैच्या अखेरीला मंजुरी आली आणि ऑगस्टमध्ये दोघांची नवी लायसन्सं. मधल्या दिवसांत गाड्या गॅरेजमध्येच होत्या, एवढं मी सांगू शकते.

ऑक्टोबरमध्ये नगरला परत आले. (कागदावर आता अहिल्यानगर, तोंडात नगरच.) माझं नूतनीकरण केलं. हे तुम्ही नीट वाचा, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणी साठीला आल्या आहेत. पूर्वी तारीख उलटल्यावरही तीस दिवस लायसन्स चालायचं. २०१९ च्या दुरुस्तीत ती सवलत गेली. आता तारखेच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, आणि तारखेनंतरही एक वर्षापर्यंत. पण मधल्या काळात चालवायचं नाही. एक वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा. चाळिशीपुढे डॉक्टरांचा फॉर्म एक-ए लागतो. अर्ज 'सारथी' वेबसाइटवर होतो. मी तो स्वतः भरला. ह्यांना वाटलं होतं एजंट लागेल.

मुलं परदेशात असतील तर आणखी एक. आयडीपी हे पाहुण्याचं कागदपत्र आहे, राहायला गेलेल्याचं नाही. माझी भाची लेस्टरला असते. इंग्लंडमध्ये राहायला गेलेल्याला आपलं लायसन्स बाराच महिने चालतं, मग तिथली परीक्षा द्यावीच लागते. जर्मनीत तर सहाच महिने. आणि तिकडे असताना आयडीपी संपलं, तर जानेवारी २०२१ च्या नियमाप्रमाणे तिथल्या भारतीय वकिलातीतून नवं मागवता येतं. मात्र इथलं मूळ लायसन्स जिवंत हवं.

परवा दौंड रस्त्याने जाताना अरणगावजवळ मेहेराबादची दोन गोरी माणसं स्कूटरवर दिसली. साठीच्या पुढची, डोक्याला हेल्मेट. लहानपणापासून बघतो आपण त्यांना. त्यांच्याही पाकिटात एखादी तारीख असणार, हे आजवर कधी डोक्यात आलं नव्हतं.

लाल वहीत आता एक पान वाढलं आहे. माझं लायसन्स, ह्यांचं, दुकानातल्या दोन्ही ड्रायव्हरांचं, लेकीचं आणि जावईबापूंचं. त्यांच्या नावापुढे दोन तारखा आहेत, एक लायसन्सची आणि एक त्याच्या सहा महिने आधीची. त्या दिवशी मी त्यांना फोन करणार आहे. त्यांना ते सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "आई, मीच तुम्हाला आधी करेन." बघू कोणाचा आधी येतो.