नापास झालेलं गाणं

शनिवारी रात्री 'कॉन्सर्ट फॉर जॉर्ज' पुन्हा एकदा पाहिला. कितव्यांदा ते विचारू नका. सोमवारी रिलीज आहे आणि मी घरी गाणी बघत बसलो होतो, हे आमच्या मॅनेजरला कळलं नाही म्हणजे मिळवली!

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ ला गेला. बरोबर एका वर्षाने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या मित्रांनी त्याची गाणी सादर केली. सूत्रं एरिक क्लॅप्टनकडे होती. रविशंकरांनी त्या दिवसासाठी 'अर्पण' नावाची खास रचना केली होती, ती अनुष्काने कंडक्ट केली. आणि जुन्या बँडमधले उरलेले दोघे, पॉल मॅकार्टनी आणि रिंगो स्टार, तेही आले. (लेनन १९८० मध्येच गेला होता.)

रिंगोने 'फोटोग्राफ' म्हटलं, जे त्याने आणि जॉर्जने मिळून लिहिलं होतं. पॉलने जॉर्जचं लाडकं वाद्य युकुलेली हातात घेऊन 'समथिंग' सुरू केलं. लोकांना हेच जास्त आठवतं. मी मात्र दर वेळी पुढच्या गाण्याला अडकतो. पॉल 'ऑल थिंग्ज मस्ट पास' गातो तिथे.

या गाण्याची गंमत अशी, की हे बीटल्समध्ये नापास झालेलं गाणं. बँडमध्ये चलती लेनन-मॅकार्टनीची. जॉर्जच्या वाट्याला एका रेकॉर्डवर साधारण एक-दोन गाणी यायची. जानेवारी १९६९ च्या तालमींत त्याने हे गाणं आणलं. सगळ्यांनी ते वाजवूनही पाहिलं, पण रेकॉर्डवर काही घेतलं नाही. त्याच महिन्यात, १० तारखेला, जॉर्ज बँड सोडून निघून गेला. मग समजूत काढून त्याला परत आणलं. १९७० मध्ये बँडच फुटला आणि त्याच वर्षी जॉर्जने तीन एलपींचा स्वतःचा अल्बम काढला. त्याचं नाव अर्थातच, 'ऑल थिंग्ज मस्ट पास'.

तेच गाणं ३३ वर्षांनी पॉल गातोय. स्टेजवर जॉर्जचा मुलगा धनी गिटार वाजवतोय, हुबेहूब बापाचा चेहरा. पॉल फार मनापासून गातो. पण ज्याला हे ऐकून सगळ्यात बरं वाटलं असतं, तो फक्त वर लावलेल्या फोटोत.

आता माझी कबुली. इंजिनीअरिंगला आमचाही एक बँड होता. (हसू नका. गॅदरिंगला वन्समोअर मिळाला होता!) आमच्या गिटारवाल्याने एकदा स्वतःची चाल आणली. मी दोन मिनिटं ऐकून म्हणालो, "पब्लिकला नाही चालणार रे, आपलं नेहमीचंच घेऊ." तो बरं म्हणाला. त्यानंतर त्याने कधी काही आणलं नाही. त्याची ती चाल मात्र माझ्या डोक्यातून गेली नाही. आजही बिल्ड चालू असताना तीच गुणगुणत असतो.

पॉलचं गाणं संपल्यावर टीव्ही बंद केला आणि रात्री साडेअकराला त्याला फोन लावला. तो आता नाशिकला असतो. आधी घाबरलाच, "काय रे, घरी सगळं ठीक ना?"

म्हटलं, "ठीक आहे. तुझी ती चाल आठवते का?"

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "पब्लिकला न चालणारी?"

म्हणजे त्याच्याही लक्षात होतं. शब्दासकट.

पुढच्या रविवारी नाशिकला जातोय. माझी बोटं आता कीबोर्डवर फक्त सेमीकोलन शोधतात, तेव्हा काय वाजेल देव जाणे. पण ऐकायला तो समोर असेल.