कुंडलिकेपासून कोरिंगापर्यंत

जालना जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि येथे वाहून जाणारे पावसाचे पाणी अखेर बंगालच्या उपसागराच्याच वाटेला लागते. शहरातील कुंडलिका दुधनेस मिळते, दुधना पूर्णेस आणि अजिंठ्याच्या डोंगरांतून निघून भोकरदन, जाफराबाद तालुक्यांतून येणारी पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीस मिळते. त्र्यंबकेश्वरापासून १४६५ किलोमीटरचा प्रवास करून गोदावरी आंध्र प्रदेशात सागरास मिळते. तिच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगाचे खारफुटीचे वन आहे. १९७८ साली ते अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २३५ चौरस किलोमीटर आहे.

तेथील लाकडी पायवाटेवरून चालताना चिखलातून वर आलेली श्वसनमुळे दिसतात. मासे व कोळंबी यांची पिल्ले याच मुळांच्या आश्रयाने वाढतात. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा उदरनिर्वाह त्यांवर अवलंबून असतो. या वनाला खाऱ्या पाण्याबरोबर नदीचे गोडे पाणी आणि बेताचा गाळ, दोन्ही लागतात.

येथेच आपल्या उजाड टेकड्यांचा संबंध येतो. जेथे पळस, धावडा, सालई टिकून आहेत, तेथे पालापाचोळा पावसाचा मारा झेलतो आणि पाणी जमिनीत मुरते. जेथे झाडे नाहीत, तेथे मातीसह पाणी एका दिवसात वाहून जाते आणि नंतर नदी कोरडी पडते. आपली बहुतेक माती मात्र समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. ती निम्न दुधना, श्रीरामसागर अशा जलाशयांत साठते. परिणामी येथे धरणे गाळाने भरतात आणि तिकडे त्रिभुज प्रदेशास गाळ अपुरा पडून किनारा झिजतो. पाण्यात विरघळलेली जादा खते मात्र धरणांनी पूर्णपणे अडत नाहीत. ती खाडीत शेवाळ वाढवतात. नदीकाठची झाडी व गवत त्यांतील बराच भाग वाटेतच शोषून घेतात.

जालनेकरांस हा हिशेब नवा नाही. निजामकाळातील घाणेवाडी जलाशय गाळाने भरला, तेव्हा नागरिकांनी तो उपसण्याचे काम हाती घेतले आणि शेतकऱ्यांनी तो गाळ शेतांत नेला. हे कार्य स्तुत्यच होय. परंतु गाळ उपसणे हा वारंवार येणारा खर्च आहे, तर पाणलोटातील झाडी ही भांडवली गुंतवणूक आहे. पहिला खर्च कमी करावयाचा, तर दुसरा आधी केला पाहिजे.

एका जिल्ह्याच्या झाडीने सागराची स्थिती पालटणार नाही, हे खरे. परंतु गोदावरीचे खोरे अशा अनेक जिल्ह्यांचेच बनले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या पेढ्यांवरून बियाणे व खते गावोगाव जातात. खताची गोणी देताना माती परीक्षणाची आठवण करून द्यावी, नाल्याकाठी झाडांचा पट्टा राखण्याविषयी दोन शब्द सांगावेत. त्याचा पहिला लाभ घाणेवाडीस होईल, कोरिंगास त्यानंतर.