शपथेवर

सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली, त्यांना जबानीच्या कागदाचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. नाव, राहण्याचे ठिकाण, धंदा, त्यापुढे ‘शपथेवर लिहून देतो की’ हे शब्द, आणि शेवटी सही अगर अंगठा. परमुलखात काढलेल्या तीस वर्षांत असे कितीतरी कागद माझ्या हातांखालून गेले. म्हणूनच की काय, सेवानिवृत्तीनंतरच्या रिकाम्या वेळात आयर्लंडमधील काही जुन्या जबान्या वाचनात आल्या, तेव्हा त्या मला परक्या देशाच्या वाटल्याच नाहीत.

या जबान्या 1641 सालच्या बंडाच्या आहेत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांचे 31 खंड जपून ठेवलेले आहेत. जबान्यांची संख्या आठ हजारांच्या घरात आहे. 2010 साली त्या संगणकाद्वारे जगाला खुल्या झाल्या, आणि माझ्यासारख्या घरबसल्या वाचकालाही त्यांचे दर्शन घडले.

बंडाची हकीकत थोडक्यात अशी. सतराव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातील जमिनी मूळच्या कॅथलिक लोकांकडून काढून घेऊन इंग्लंड-स्कॉटलंडमधून आलेल्या प्रॉटेस्टंटांना वाटण्यात आल्या. पुढे तीसेक वर्षे दोन्ही समाज एकमेकांच्या शेजारी नांदले. एकाच बाजारात गुरे विकली, एकमेकांना कर्ज दिले आणि घेतले. 22 ऑक्टोबर 1641 च्या रात्री बंडाचा भडका उडाला आणि तो हिवाळा भयंकर ठरला. वसाहतवाल्यांना घराबाहेर काढण्यात आले. कित्येकांच्या अंगावरचे कपडेदेखील हिरावून घेतले गेले, आणि त्या थंडीत चालत चालत जे डब्लिनला पोहोचले ते निर्वासित झाले.

त्यांच्या जबान्या घेण्यासाठी 23 डिसेंबर 1641 रोजी आठ धर्मोपदेशकांचे एक मंडळ नेमण्यात आले. त्याचे प्रमुख हेन्री जोन्स हे किलमोरचे डीन. गंमत अशी, की हे गृहस्थ स्वतःच बंडखोरांच्या ताब्यात सापडले होते आणि त्यांचेच गाऱ्हाणे घेऊन नोव्हेंबरात डब्लिनला आले होते. म्हणजे पीडिताकडेच चौकशीचे काम आले! आपल्या नियमांत हे बसले नसते, असे वाचकांपैकी अनेकांच्या मनात येईल. पण नियम पाळणाऱ्या आपणा मंडळींच्या हातून तरी काय झाले, ते पुढे सांगणार आहे.

या कागदांत मला प्रथम जाणवली ती नावे. अनोळखी टोळी येऊन लुटून गेली, तर साक्षीदार काय सांगणार? माणसे किती होती, हातात काय होते, एवढेच. येथे तसे नाही. लुटणाऱ्याचे नाव, त्याचे गाव, पुष्कळदा त्याचे घराणेसुद्धा जबानीत आले आहे. कारण तो शेजारी होता. गाई किती गेल्या, धान्य किती गेले, याच्या यादीत बुडालेल्या कर्जाच्या रकमाही आहेत, आणि ते बुडवणाऱ्यांत बंडात सामील झालेले शेजारी आहेत. ज्याला काल विश्वासाने पैसे दिले, त्याचेच नाव आज शपथेवर सांगावयाचे! त्या रुक्ष यादीत एका मोडलेल्या संसाराबरोबर एक मोडलेली आळीही दिसते.

पोर्टाडाउन येथे 1641 च्या नोव्हेंबरात शंभराच्या आसपास माणसांना बॅन नदीत ढकलून बुडवण्यात आले. एलिझाबेथ प्राइस या बाईची मुले त्यांत गेली. दीडएक वर्षाने दिलेल्या जबानीत, त्या पुलापाशी पाण्यातून एक स्त्रीरूप वर येऊन सूडाची मागणी करताना आपण पाहिले, असे ती शपथेवर सांगते. इतिहासकार म्हणतील, हा पुरावा नव्हे. मला मात्र त्या लिहून घेणाऱ्याचे कौतुक वाटले. आईने जे सांगितले ते त्याने लिहिले.

या कागदांचे पुढे काय झाले, ते फारसे सुखावह नाही. जोन्सने 1642 साली त्यांतील निवडक उतारे इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे ठेवले, आणि 1646 साली जॉन टेंपलने त्यांवर एक ग्रंथ रचला. मृतांचा आकडा लाखांच्या घरात नेण्यात आला. अल्स्टरमध्ये तितके वसाहतवालेच राहत नव्हते! आजचे अभ्यासक तो काही हजारांत धरतात. पण 1649 साली क्रॉमवेल आयर्लंडात उतरला तो या फुगवलेल्या आकड्यांचा सूड मनात घेऊनच, आणि पुढे कॅथलिकांच्या जमिनी फार मोठ्या प्रमाणावर जप्त झाल्या. 1642 च्या जानेवारीत आयलंडमगी येथे प्रॉटेस्टंटांनी आपल्या कॅथलिक शेजाऱ्यांना ठार केले होते. त्याच्या जबान्या घेण्यास मात्र 1653 साल उजाडावे लागले.

मंडळाला विचारावयाचे प्रश्न ठरवून दिलेले होते. काय लुटले, कोणी लुटले, राजद्रोहाचे शब्द कोण बोलले, कोणाला मारले. ‘तुम्हांला मदत कोणी केली?’ हा प्रश्न त्यांत नव्हता. तरीही काही जबान्यांत, दुसरेच काही सांगता सांगता, एखादे वाक्य निसटून आले आहे. कोणा कॅथलिक शेजाऱ्याने घरात लपवले, कोणी अंगावर पांघरूण घातले, कोणी आधी सूचना दिली. न विचारलेल्या प्रश्नांची ती उत्तरे वाचताना मी थबकलो.

फार वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका जिल्ह्यात दंगलीनंतर नुकसानीची प्रतिज्ञापत्रे घेण्याचे काम माझ्याकडे आले होते. शाळेच्या ओसरीवर टेबल मांडून आम्ही बसलो होतो. एक वृद्ध बाई आली. दुकान जाळणाऱ्यांची नावे तिने सांगितली. त्यांतला एकजण शेजारचाच मुलगा होता. मग ती म्हणाली, “बेटा, हेही लिही. त्याच्याच आईने मला दोन रात्री कोठीत लपवले.” पेशकाराने लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “साहेब, लिहू?” बाहेर रांग मोठी होती. “नुकसानीशी त्याचा संबंध नाही,” मी म्हणालो. बाईने काही न बोलता अंगठा उठवला.

माझे उत्तर कायद्याला धरून होते. त्याबद्दल मला कोणी कधी जाब विचारला नाही, आणि विचारणारही नाही. पण त्या कागदावर एक मुलगा आग लावणारा म्हणून राहिला, आणि त्याच्या आईचे नाव कोठेच राहिले नाही.

ट्रिनिटीतील कित्येक जबान्यांतील ओळींवर लेखणीने रेघा मारलेल्या आहेत. तो खोटा म्हणून टाकलेला पुरावा आहे, असे पूर्वी काही विद्वानांनी मानले. नकला करताना कोणता मजकूर वगळावयाचा त्या खुणा होत्या, असे आता अभ्यासकांचे मत आहे. ते काही असो. रेघ मारलेली ओळही आज वाचता येते. चारशे वर्षांनी कोणीतरी ती उजेडात धरतो आणि म्हणतो, हेही घडले होते.

मी रेघ मारली असती तर बरे झाले असते. मी ती ओळ लिहूच दिली नाही.