चार लाद्यांचे फूल

परक्या घरात पाऊल टाकल्यावर माणसाची नजर प्रथम कुठे जाते, असा प्रश्न मी एकदा वर्गात विचारला होता. तास ललित निबंधाचा होता आणि मुले पेंगत होती. कोणी म्हणाले, भिंतीवरच्या तसबिरींकडे. कोणी म्हणाले, टीव्हीकडे. एका स्पष्टवक्त्या मुलीने ‘चहा येतोय का, तिकडे’ असे सांगून वर्ग जागा केला. जमिनीकडे, असे मात्र कोणीही म्हटले नाही. माझ्या मामांना विचारले असते तर त्यांनी दुसरे उत्तर दिलेच नसते. कोणाकडेही गेले की ते आधी खाली पाहतात, मग स्वयंपाकघरात डोकावून ओट्यामागची भिंत पाहतात आणि त्यानंतर यजमानांना नमस्कार करतात. या सवयीपायी मामींना जन्मभर ओशाळे व्हावे लागले.

मामांनी ३५ वर्षे लाद्यांवरची नक्षी काढली. डॉक्टर, वकील, इंजिनिअर हे व्यवसाय लग्नाच्या बैठकीत सांगता येतात. ‘मुलगा लाद्यांवर फुले काढतो’ हे सांगताना माझ्या आजोबांची जीभ अडखळत असे. ‘कारखान्यात आहे’ एवढेच ते म्हणत. पुढचे कोणी विचारू नये म्हणून लगेच चिवड्याची बशी पुढे सरकवत.

गेल्या दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मामांचा ठाण्याहून फोन आला. “अगं, कल्याणचं घर सोमवारनंतर पाडायला घेतायत. एकदा पाहून येऊ. येतेस?” कल्याणला पारनाक्याजवळचे ते घर म्हणजे माझे आजोळ. पुनर्विकासाच्या कागदांवर सर्वांच्या सह्या झालेल्या होत्या, मामांचीही. तक्रारीला जागा नव्हती. मी रविवारी सकाळीच नौपाड्यात त्यांच्या दारात हजर झाले.

ठाणे म्हटले की आज लोकांना तलावपाळी आठवते, नाहीतर घोडबंदर रस्त्यावरचे उंच मनोरे. पण मामा नोकरीला लागले तेव्हाचे ठाणे हे भोंग्यांचे गाव होते. औषधे, यंत्रे, कापड, रंग, सारे काही इथे होत असे. चकचकीत झिलईच्या लाद्याही इथे होत. १९५८ साली स्थापन झालेल्या एच. अँड आर. जॉन्सन (इंडिया) या कंपनीने ठाण्यात कारखाना काढला आणि मध्यमवर्गीय न्हाणीघराच्या भिंतींना पांढरी, आकाशी, गुलाबी लादी मिळू लागली. त्यानंतरच्या काळात या धंद्यात जे इतर कारखाने उभे राहिले, त्यांपैकी एकाच्या चित्रशाळेत मामा १९६९ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेऊन दाखल झाले आणि २००४ साली निवृत्त झाले.

“चित्रशाळा म्हणजे काय,” मामा गाडीत बसल्यावर सांगू लागले, “एक उत्तरेची खिडकी, चार टेबलं आणि सहा इंचांचा चौकोन. आयुष्यभर तेवढाच कागद.”

ठाणे सुटून गाडी कळव्याकडे निघाली. याच खाडीच्या काठापर्यंत १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. त्या काळात मुंबईतल्या मोठ्या इमारतींना लागणाऱ्या नक्षीच्या लाद्या विलायतेहून बोटीने येत. १८७२ साली उघडलेल्या भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, मिंटनच्या कारखान्याची जमीन आजही पाहायला मिळते. साहेबाच्या पायाखाली साहेबाची लादी, हे ठीकच होते. पण आपल्या लोकांच्या पायाखाली देशी लादी यावी, हा विचार स्वदेशीच्या वाऱ्याबरोबर आला. खादीचे कार्यकर्ते विठ्ठलदास जेराजाणी यांच्या प्रेरणेने फिरोजशा सिधवा आणि रुस्तम सिधवा यांनी १९२२ साली ‘भारत’ या नावाने सिमेंटच्या नक्षीदार लाद्या बनवायला सुरुवात केली. बंदरापलीकडे उरणला त्यांचा कारखाना निघाला. पुढे अशा लाद्या अनेक ठिकाणी होऊ लागल्या आणि चार पैसे गाठीला असलेल्या गृहस्थाने घर बांधले की दिवाणखान्यात नक्षी, स्वयंपाकघरात शहाबादी आणि माजघरात शेणाने सारवलेली जमीन, असा मान ठरून गेला.

ही सिमेंटची लादी भट्टीत जात नाही, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. लोखंडी चौकटीत पितळी पट्ट्यांचा साचा ठेवायचा, एकेका कप्प्यात एकेक रंग कालवून ओतायचा, साचा अलगद उचलून घ्यायचा. रंग एकमेकांत मिसळता कामा नयेत. त्यावर कोरडे सिमेंट आणि रेती घालून जबर दाब द्यायचा आणि मग लादी पाण्यात मुरवायची. रंग वरवरचा नसतो, काही मिलिमीटर खोल असतो. म्हणून तीन पिढ्यांनी पाय घासले तरी फूल पुसत नाही, उलट गुळगुळीत होऊन उजळते.

“मग तुमची लादी?” मी विचारले.

“आमची भट्टीतली. माती दाबून भाजायची, वर झिलई द्यायची, जाळीच्या चौकटीतून छापायची. एका रंगाला एक जाळी. चार रंग मागितले की मालक कपाळाला आठ्या घालणार. आणि रंगांचं म्हणशील तर भट्टीत घातलेला आणि भट्टीतून निघालेला रंग यांची गाठभेट नशिबानेच. डोळ्यांना दिसतोय त्यावर विश्वास ठेवायचा नाही, उद्या काय निघेल ते पाहायचं. संसारासारखंच.”

मामी नव्हत्या म्हणून हे वाक्य खपून गेले.

दिव्याच्या पुढे गाडी रिकामी झाली तेव्हा त्यांनी माझ्या वहीचे पान मागून घेतले आणि पेन्सिलीने चौकोन काढला. लादीच्या नक्षीची सारी मेख एकाच गोष्टीत आहे: तुमचा चौकोन शेजारच्या चौकोनाशी चारही बाजूंनी जुळला पाहिजे. पूर्ण फूल एका लादीत मावले तर जमीन ठिपक्याठिपक्यांची आणि निर्जीव दिसते. म्हणून कसबी माणूस एका लादीवर पाव फूलच काढतो. चार लाद्या फिरवून कोपऱ्याला कोपरा लावला की फूल पुरे होते आणि त्याच वेळी लाद्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांतून दुसरेच एखादे चांदणीचे रूप उमटते. सपाट जागेवर नक्षीची अशी पुनरावृत्ती करण्याच्या मूलभूत रीती फक्त १७ आहेत, असे फेदोरॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८९१ साली सिद्ध केले. मामांना हे निवृत्तीनंतर एका पुस्तकात सापडले. “म्हणजे ३५ वर्षं मी सतरा घरांतच फिरत होतो बघ,” ते म्हणाले.

मला माझी आई आठवली. तिने कुठलाही सिद्धांत वाचला नव्हता. पण पंधरा ते एक ठिपके मांडून ती जी रांगोळी काढी, तिच्यात तीच फिरवाफिरव होती. एक पाकळी काढून झाली की कागद फिरवावा तसे ती स्वतःच अंगणात फिरून बसे. मामा आणि आई एकाच घरात वाढले. एकाने चौकोनांची नोकरी केली आणि दुसरीने ठिपक्यांचा संसार, एवढाच फरक.

डोंबिवलीला आम्ही मुद्दाम उतरलो. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी मामांची नक्षी आहे, असा मला संशय होता. फडके रस्त्यावर दिवाळीची खरेदी उसळली होती. नरक चतुर्दशीच्या पहाटे याच रस्त्यावर सारी तरुण डोंबिवली नवे कपडे घालून गणपतीच्या देवळापर्यंत लोटते. त्या दिवशी तिथे आकाशकंदिलांचे ढीग होते. गल्लीतल्या जुन्या तीन मजली इमारतीत मैत्रिणीच्या सासूबाईंनी दार उघडले. मामांनी खाली पाहिले. मोझेक. त्यांनी नमस्कार पुढे ढकलला आणि ते थेट स्वयंपाकघराकडे वळले.

ओट्यामागे सहा इंची पांढऱ्या लाद्यांत मधून मधून चार चार लाद्यांचे निळे फूल होते. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा वर करून म्हणाले, “माझंच. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचं असेल.”

सासूबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. “हे तुम्ही काढलंत? अहो, माझं निम्मं आयुष्य याच्याकडे बघत गेलं! दूध उतू जायची वाट बघताना माणूस दुसरं काय बघणार?” मग त्यांनी डब्यांमागच्या एका फुलाकडे बोट दाखवले. “पण हे तेवढं असं का काढलंत?”

त्या फुलाची एक पाकळी बाहेरच्या बाजूला वळली होती. मामांचा चेहरा शिक्षकाने चूक पकडावी तसा झाला. “मी नाही काढलं. गवंड्याने एक लादी उलटी बसवलीय.”

“अस्सं!” सासूबाई म्हणाल्या. “आम्हाला वाटायचं, मुद्दाम असेल. मुलं जेवताना रडायला लागली की मी म्हणायची, वेडं फूल शोधा. माझ्या तिन्ही मुलांचं वरणभात या वेड्या फुलावर झालंय.”

मामा यावर काय म्हणतात याची मला धास्ती होती. स्वतःच्या कामातली चूक त्यांना सहन होत नाही. ते नुसते हसले आणि चहाला हो म्हणाले.

चहा पिताना कळले की नव्या वर्षात हा ओटाही बदलायचा आहे. मुलाने मोबाइलवर संगमरवरासारख्या दिसणाऱ्या मोठाल्या लाद्या निवडल्या होत्या. आता देशातला बहुतेक माल गुजरातमधल्या मोरबीत तयार होतो. यंत्र शाईच्या बारीक थेंबांनी हुबेहूब दगड छापते आणि एकासारखा दुसरा तुकडा दिसू नये अशी सोयही करते. मला वाईट वाटले, मामांना नाही. “चांगलं आहे. सांधे कमी, तेलकट मळ धरत नाही, पुसायला सोपं,” असे त्यांनी सासूबाईंना समजावले. जिना उतरताना मात्र म्हणाले, “आता सांधा लपवायची विद्या आहे. आमची सांध्यातून फूल काढायची होती.”

कल्याणला पोहोचेपर्यंत दुपार कलली. पारनाक्याचे घर रिकामे झाले होते. दारे-खिडक्या निघाल्या होत्या, त्यामुळे आत कधी नव्हे एवढा उजेड होता. दिवाणखान्याची जमीन मी पहिल्यांदा पूर्ण पाहिली; एरवी तिच्यावर पलंग, कपाटे आणि माणसे असत. तांबड्या, काळ्या आणि पिवळसर रंगांतली फुलांची ओळ थेट भिंतीपर्यंत गेली होती आणि भोवती वेलीची किनार होती. आजोबांच्या वडिलांनी बांधलेले घर, लाद्याही तेव्हाच्याच.

मामा कोपऱ्यात जाऊन चक्क खाली बसले. “इथे माझं अंथरूण असायचं. आठ वर्षांचा असताना टायफॉइड झाला. महिनाभर उठायचं नाही. करायचं काय? बोटाने ही वेल गिरवायची. कुठे सुरू होते ते शोधायचो. सापडलंच नाही. मग लक्षात आलं की ती सुरूही होत नाही आणि संपतही नाही. मला वाटतं, मी जे. जे.ला गेलो तो त्या दिवशी. फी फक्त नंतर भरली.”

आजोबांना हे ठाऊक होते का, असे मी विचारले.

“नाही. ‘कारखान्यात आहे’ म्हणायचे ना! पण निवृत्तीच्या दिवशी मला कारखान्याने जुन्या नमुन्यांचं पुस्तक दिलं. त्यात माझी दोनशेच्या वर चित्रं. प्रत्येकाखाली आकडा, नाव कुठेच नाही. तशी रीतच होती. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, ही वेल काढणाऱ्याचंही नाव कोणाला माहीत नाही आणि मी त्याचाच शागीर्द.”

मी दरवर्षी वर्गात जात्यावरच्या ओव्या शिकवते. त्या रचणाऱ्या बायकांची नावे नाहीत, हे मोठ्या हळहळीने सांगते. ज्याच्या पायाशी मी लहानाची मोठी झाले, त्या जमिनीबद्दल आणि या माणसाबद्दल ही हळहळ मला कधीच सुचली नव्हती. शिकवणाऱ्याचे अज्ञान असे घरातच दडलेले असते.

मुकादमाने कामावरचा एक गवंडी दिला. “एक आठवण म्हणून काढून द्या,” मी म्हणाले. मामांनी मान हलवली. “एक नेऊन काय करशील? पाव फूल. चार घे.” जुने काम चुन्यात बसवलेले होते, म्हणून लाद्या अखंड निघाल्या, सिमेंटात असत्या तर तुकडे झाले असते. मागच्या बाजूला चुन्याखाली कारखान्याचा शिक्का होता, पण अक्षरे झिजून गेली होती. चार लाद्यांचे वजन सहा-सात किलो भरले. परतीच्या गाडीत ती पिशवी पायाशी घेऊन मी बसले, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारले, “फराळाचं सामान का हो?” मामा म्हणाले, “हो, जरा कडक झालंय.”

नरक चतुर्दशीला मामा-मामी आमच्याकडे फराळाला आले. दाराबाहेर त्या चार लाद्या मी कोपऱ्याला कोपरा लावून मांडल्या होत्या आणि फुलाच्या चारही टोकांपासून रांगोळीने तीच नक्षी पुढे नेली होती. मामांनी नेहमीप्रमाणे आधी खाली पाहिले. मी परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तशी उभी होते.

“फुलं जमली,” ते म्हणाले, “पण किनार राहिली.”

मामी म्हणाल्या, “अहो, आधी आत तरी या!” पण मामांनी चपला काढल्या, गुडघ्यावर हात ठेवून ते हळूहळू खाली बसले आणि रांगोळीचा डबा त्यांनी स्वतःकडे ओढला. चिमटीतून पांढरी वेल सुटू लागली. शेजाऱ्यांची मुले जिन्यात उभी राहून पाहत होती. त्यांच्यातल्या एकाने विचारले, “आजोबा, ही कुठे सुरू होते?”

मामांनी मान वर केली नाही. “शोध,” ते म्हणाले.