देश किती झाले?

माणसाला काही ना काही जमवल्याशिवाय चैन पडत नाही. लहानपणी आपण काड्यापेट्यांवरची चित्रं जमवतो, मग पोस्टाची तिकिटं, मग जुनी नाणी आणि उतारवयात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. आमचे साडू देश जमवतात.

देश हा जमवण्याचा पदार्थ आहे, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. पूर्वी परदेशी जाऊन आलेल्या माणसाला "काय काय पाहिलंत?" असं विचारायची पद्धत होती. आता "किती झाले?" असं विचारतात. साडूंचे 47 झाले आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात जगाचा नकाशा आहे, त्यावर 47 टाचण्या आहेत आणि फ्रिजच्या दारावर 47 चुंबकं. त्या भारानं दार आपोआप उघडतं, अशी मेहुणीची तक्रार आहे. माझे देश तीन. त्यातला नेपाळ साडू धरत नाहीत. पासपोर्टावर शिक्का नाही म्हणे!

तुम्हाला वाटेल, मोजायला काय लागतं? पण जगात देश किती, या साध्या प्रश्नाला साधं उत्तर नाही. संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद 193. व्हॅटिकन आणि पॅलेस्टाईन हे दोन निरीक्षक धरले तर 195. पण लॉस एंजेलिसमध्ये 1954 साली निघालेला एक क्लब आहे. शंभर देश झाल्याशिवाय तिथं पूर्ण सभासदत्व मिळत नाही. आणि त्यांची यादी मात्र सव्वातीनशेच्या वर जाते. ते अलास्का वेगळा धरतात, हवाई बेटं वेगळी धरतात. इतकंच काय, आपलं अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपसुद्धा त्यांच्या यादीत स्वतंत्र आहेत! विमान नुसतं तेल भरायला उतरलं तरी त्यांना चालतं. हे वाचल्याबरोबर साडूंनी अंदमानची तिकिटं काढली.

"अहो भावजी, अंदमान म्हणजे आपलाच देश ना?" आमच्या हिनं विचारलं.

"आपल्या दृष्टीनं," साडू म्हणाले, "क्लबाच्या दृष्टीनं नाही."

या छंदात बसल्या जागी नफा-तोटाही होतो. 1987 साली कंपनीच्या कामासाठी साडू मॉस्को, ताश्कंद, प्राग आणि ब्रातिस्लाव्हा करून आले होते. येताना पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही जर्मनी पाहिल्या. एकूण देश चार. 1990 साली दोन्ही जर्मनी एक झाल्या. सारं जग भिंत पडली म्हणून नाचत होतं, आणि साडूंचा एक देश बुडाला होता. पण 1991 साली सोव्हिएत युनियनचे 15 तुकडे झाले आणि ताश्कंद उझबेकिस्तानात गेलं. नुकसान भरून निघालं. 1 जानेवारी 1993 रोजी चेकोस्लोव्हाकियाचेही दोन देश झाले. चाराचे पाच! इतर लोक इतिहास पुस्तकात वाचतात, साडू तो पासबुकात वाचतात.

पुढं निवृत्तीनंतर सहलींचा सपाटा सुरू झाला. बारा दिवसांत सात देश. पहाटे पाचला उठायचं, सातला बसमध्ये बसायचं आणि मेथीचे ठेपले खात खात सीमा ओलांडायची. युरोपात तर सीमा आली कधी आणि गेली कधी, कळतही नाही. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या खेड्यात 1985 साली एक करार झाला आणि पुढं तिकडच्या बहुतेक चौक्या ओस पडल्या. त्यामुळं सहलीचा मॅनेजर माइकवरून ओरडतो, "मंडळी, उठा, देश बदलला!" मग अर्धी बस डोळे चोळत खिडकीबाहेर बघते. बाहेर मघाचीच गाय असते.

साडूंचा सगळ्यात लाडका देश लिष्टनस्टाइन. क्षेत्रफळ 160 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईत तो जवळजवळ चार वेळा मावेल. लाडका अशासाठी, की तिथं पैसे भरले की हौसेखातर पासपोर्टावर शिक्का मारून मिळतो. "देश कसा होता?" असं मी विचारलं तेव्हा साडू म्हणाले, "शिक्का फार सुबक आहे."

या छंदातले सगळेच लोक असे घाईचे नसतात, हेही सांगायला हवं. टोर पेडरसन नावाचा एक डॅनिश गृहस्थ ऑक्टोबर 2013 मध्ये घरून निघाला. विमानात बसायचं नाही, प्रत्येक देशात निदान 24 तास राहायचं आणि सगळे देश होईपर्यंत घरी परतायचं नाही, असा त्याचा पण. बस, आगगाडी, मालवाहू जहाज असं करत त्यानं त्याच्या हिशोबाचे 203 देश पुरे केले. शेवटचा मालदीव, मे 2023 मध्ये. जवळजवळ दहा वर्षं! त्यातली दोनेक वर्षं कोरोनामुळं तो हाँगकाँगमध्ये अडकला होता.

"दोन वर्षं एका जागी!" साडू हळहळले. "तेवढ्यात माझे बारा झाले असते."

"तेव्हा तुम्ही दोन वर्षं स्वयंपाकघर आणि दिवाणखाना एवढे दोनच देश करत होता," मेहुणी म्हणाली.

गेल्या दिवाळीत साडू आमच्याकडे फराळाला आले होते. चिवड्याबरोबर आर्मेनिया की जॉर्जिया ही चर्चा चालू होती. आमची आत्या शेजारीच बसली होती. तिनं नव्वदी ओलांडली आहे. ती उभ्या आयुष्यात विमानात बसलेली नाही. साडूंनी तिलाही सोडलं नाही.

"आत्या, तुमचे किती देश झाले?"

"माझे कसले देश? पुणं नि पंढरपूर."

"असं कसं?" माझी मुलगी म्हणाली. "तू कराचीची ना, आत्याआजी?"

खरंच की! आत्याचा जन्म कराचीचा. माझे आजोबा तिथं नोकरीला होते. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाची एक शाळा कराचीत आजही उभी आहे; माझे वडील त्या शाळेत शिकले. 1947 साली सगळं कुटुंब बोटीनं मुंबईला आलं, तेव्हा आत्या चौदा वर्षांची होती.

साडू विचारात पडले. चौदा वर्षं राहिली म्हणजे 24 तासांची अट कधीच पुरी झाली. पण ती तिथं राहत होती तेव्हा तो देशच नव्हता. आणि झाला तेव्हा ती निघाली.

"नियमानं धरता येणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही देशाबाहेर गेलातच कुठं?"

"तेच तर म्हणते मी," आत्या म्हणाली. "मी नाही हो गेले कुठं. तोच गेला."

कुणी काही बोललं नाही. मला 31 जुलै 2015 ची मध्यरात्र आठवली. त्या रात्री भारत आणि बांगलादेशानं एकमेकांच्या हद्दीत अडकलेले 162 तुकडे बदलून घेतले. हजारो माणसं आपापल्या घरी, आपापल्या अंथरुणात झोपली होती. सकाळी उठली ती दुसऱ्या देशात. त्यांच्या पासपोर्टावर कुठला शिक्का?

साडूंनी डायरी मिटली. मग त्यांनी विचारलं, "आत्या, कराचीत पाहण्यासारखं काय होतं?"

सत्तेचाळीस देशांत त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. आत्या ट्रामबद्दल सांगू लागली, क्लिफ्टनच्या समुद्राबद्दल, तिथल्या उंटांबद्दल, आणि घर सोडताना तिच्या आईनं कुलूप लावून किल्ली कशी बरोबर घेतली त्याबद्दल. चहा दोनदा झाला. साडूंनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

जाताना चपला घालता घालता त्यांनी मला हळूच विचारलं, "ती किल्ली आहे का हो अजून?"