काचेच्या बाहेरची सावली

नागपूरला आमच्या आजोळी एप्रिल लागला की पश्चिमेच्या दारा-खिडक्यांना बाहेरून वाळ्याच्या ताट्या बांधल्या जायच्या. दुपारी मामा त्यांच्यावर पाणी शिंपडायचा आणि वाळ्याचा गार वास घरभर पसरायचा. ताट्या बाहेरूनच का, आतून का नाही, हा प्रश्न तेव्हा कधी पडला नाही. त्याचं उत्तर मला चाळिशीत मिळालं, तेही जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका गावात.

2018 च्या नोव्हेंबरात आम्ही इथे घर घेतलं. रांगेतलं, सत्तरच्या दशकात बांधलेलं. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांना जुनी रोलाडेन होती. रोलाडेन म्हणजे खिडकीच्या बाहेरून खाली उतरणारं आडव्या पट्ट्यांचं शटर. दुकानाच्या शटरसारखंच, पण हलकं. खोलीत भिंतीलगत एक जाड पट्टा लोंबत असतो, तो ओढला की शटर वर जातं. खाली बैठकीच्या खोलीत मात्र आधीच्या मालकांनी बागेकडची पश्चिमेची भिंत फोडून तीन मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच काच बसवली होती. अर्धी पक्की, अर्धी सरकती. तेच बागेत जायचं दार. तिला बाहेरून काहीही नव्हतं. त्या काचेतून आलेलं नोव्हेंबरचं कोवळं ऊन बघूनच मी घर पसंत केलं होतं.

मग 2019 चा जुलै आला. 25 तारखेला ऱ्हाइनकाठच्या डुइसबुर्गमध्ये 41.2 अंशांची नोंद झाली, जर्मनीतला तोवरचा उच्चांक. नागपूरकराला एक्केचाळीसचं काय कौतुक, असं कुणी म्हणेल. पण नागपूरच्या घरात पंखा असतो, कूलर असतो, उंच छत असतं. इथली घरं थंडीसाठी बांधलेली. आत आलेली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, हाच त्यांचा धर्म. एसी असलेली घरं तर विरळाच. त्यात जून-जुलैत सूर्य मावळतो रात्री नऊनंतर. दुपारी दोनपासून तो त्या काचेसमोर येऊन उभा राहायचा आणि सात तास हलायचा नाही. रात्री अकरा वाजता खोलीत चौतीस अंश, आणि माझा सहा वर्षांचा मुलगा उघड्या फरशीवर झोपलेला.

त्याआधी जूनमध्ये मी जाड, पांढऱ्या अस्तराचे पडदे लावले होते. स्वस्तातले नव्हते. त्या आठवड्यात एकदा सहज पडदा आणि काच यांच्या फटीत हात घातला आणि भट्टीच्या तोंडाशी हात नेल्यासारखा मागे घेतला. पडदा त्याचं काम करत होता, उजेड अडवत होता. पण तोवर ऊन काचेच्या आत आलेलं होतं. पडद्यावर पडून उन्हाची उष्णता होते, आणि ही उष्णता काच उन्हासारखी बाहेर सोडत नाही. ती घरातच राहते. साधा हिशोब मांडून पाहिला. संध्याकाळच्या समोरासमोरच्या उन्हात काचेच्या दर चौरस मीटरवर सहाशे वॅट धरले, त्यातले निम्मे काचेतून आत आले, तरी पावणेसात चौरस मीटरांतून दोन हजार वॅट झाले. भर उन्हाळ्यात मी बैठकीत एक हीटर लावून बसले होते. ताट्या बाहेरून का, ते त्या दिवशी कळलं.

दक्षिणेची खिडकी असती तर छज्जा पुरला असता. इथेही उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य बऱ्यापैकी डोक्यावर असतो. पण पश्चिमेचं ऊन तिरकं, छज्ज्याखालून थेट आत शिरणारं. त्याला काचेसमोर उभा अडसरच हवा. शोधाशोध सुरू झाली आणि दोन नावं पुढे आली. एक रोलाडेन, दुसरं राफस्टोर. राफस्टोरच्या पट्ट्या तिरक्या करता येतात, बाहेरची बाग दिसत राहते, उजेड हवा तेवढा घेता येतो. दिसायला ते मला फार आवडलं होतं. पण जोराचा वारा सुटला की ते वर घ्यावंच लागतं, आणि आमच्याकडे उन्हाळी संध्याकाळी वादळ येतं ते आधी वारा घेऊनच. शिवाय पाहुणे आले की त्याच खोलीत झोपतात, तेव्हा पहाटे पाचचा लख्ख उजेड अडवायला पूर्ण अंधार हवा. म्हणून रोलाडेन.

ते कुठे बसवायचं, हा त्यापुढचा प्रश्न. वरच्या जुन्या खिडक्यांची शटरं भिंतीतल्या पोकळ पेटीत गुंडाळली जातात. हिवाळ्यात त्या पेटीशी हात नेला तर गार झुळूक लागते, कारण तेवढ्या जागी भिंत अशी नाहीच. तसली आणखी एक पोकळी मला नको होती. दुसरा प्रकार म्हणजे पेटी बाहेरून भिंतीवर बसवायची. घराच्या भिंतीला भोक पडतं ते फक्त वायरीपुरतं. पेटी सोळा-सतरा सेंटिमीटर उंच. ती काचेसमोर आणली तर बाराही महिने तेवढा उजेड जातो, म्हणून आम्ही ती काचेच्या वर, भिंतीवर घ्यायची ठरवली. पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या, आत फोम भरलेल्या. प्लास्टिकच्या स्वस्त पडतात, पण एवढ्या रुंदीला त्या झोल खातात, आणि गडद रंगाच्या असल्या तर उन्हात वाकतातही. आमच्या मापाच्या शटरचं वजन वीस-पंचवीस किलोंच्या घरात जातं. तिथे मोटर ही चैन उरत नाही. रोज दोनदा तो पट्टा ओढणं माझ्याच्याने झालं नसतं, आईच्याने तर नाहीच.

आई त्या ऑक्टोबरात आमच्याकडे होती. माझी एक पुण्याची मैत्रीण शेजारच्या गावात राहते. तिच्याकडे तस्संच तीन मीटरांचं शटर होतं, एकसंध, सूर्यास्ताला आपोआप उतरणारं. ते बघायलाच आम्ही गेलो होतो. आम्ही दोघी वरच्या मजल्यावर जुन्या खिडक्या बघत होतो. आई मागच्या बागेत पुदिना खुडायला गेली होती, सरकतं दार नुसतं लोटून. वेळ झाली आणि शटर उतरलं. वाटेत काही अडलं तर थांबणारी मोटर होती ती, पण आई वाटेत नव्हती, बाहेर होती. रांगेतल्या मधल्या घराची बाग दोन्हीकडून कुंपणात, पुढे यायला वाट नाही. फोन आत, पायात घरातल्या चपला, अंगावर पातळ साडी. आम्ही खाली आलो तेव्हा शटरवर तळहाताचा आवाज येत होता. किती वेळ येत होता, कोण जाणे. मैत्रिणीने धावत जाऊन बटण दाबलं. पट्ट्या वर सरकत गेल्या तशी आधी आईची पावलं दिसली, मग मुठीतला पुदिना, मग तिचा चेहरा. "काकू, माझं लक्षच नव्हतं हो," मैत्रीण रडवेली झाली. आई म्हणाली, "अगं, मला वाटलं तुम्ही झोपायला गेल्या." तिचे हात बर्फासारखे झाले होते. तो प्रसंग मी विसरू शकत नाही.

त्यानंतर कोटेशनं मागवताना मी तीन गोष्टी लिहूनच दिल्या. शटर एक नको, दोन हवीत, मध्ये उभी मार्गिका घालून. पक्क्या काचेचं वेगळं, दाराचं वेगळं. दाराच्या शटरला टायमर नको, साधं बटण हवं. आणि दाराच्या मोटरला हाताने फिरवायचा दांडा हवा.

एका दुकानाचा माणूस घरी आला. दोन तास बसला. फोनवरून घर कसं उघडता-मिटता येतं, ऊन ओळखणारा सेन्सर कसा असतो, सगळं त्याने दाखवलं. दांड्याचं नाव काढताच मात्र हसून म्हणाला, जर्मनीत वीज जाते कुठे? खरं आहे, वर्षभरात सरासरी पाव ताससुद्धा जात नाही. पण मी भारनियमनात वाढलेली मुलगी. आणि वीज असतानाही मोटर जळू शकते, तेव्हा ते दार आम्हाला बाहेर पडायचा दुसरा रस्ता असतं. आग लागली तर? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. सवलत होती, आजच सही केली तर मिळणारी. मी सही केली नाही. तीन कोटेशनांत जवळजवळ दुपटीचा फरक निघाला आणि महागडं होतं ते हेच, दांडा सोडून.

शेवटी काम दिलं ते गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराला. त्याने मापं घेण्याआधी भिंत ठोकून पाहिली, आणि फिकट रंग घ्या म्हणाला, गडद पट्ट्या फार तापतात. गारपिटीने पट्ट्यांना पोचे पडतात, तेव्हा विमा बघून ठेवा, हेही त्यानेच सांगितलं. 28 जुलै 2013 ची रॉइटलिंगेनची गारपीट इथले लोक अजून विसरलेले नाहीत. महामारीमुळे काम सप्टेंबर 2020 पर्यंत लांबलं. वीजजोडणी वेगळ्या इलेक्ट्रिशियनने केली. पहिल्याच दिवशी मुलाने खेळून खेळून एक शटर बंद पाडलं आणि माझा जीव खाली-वर झाला. पण या मोटरी सलग चारेक मिनिटं चालल्या की तापतात, स्वतःहून थांबतात आणि निवल्या की पुन्हा चालतात. वीस मिनिटांत ती चालू झाली.

खरी परीक्षा 2022 च्या जुलैत झाली, आणि तेव्हा आई पुन्हा इथे होती. बाहेर छत्तीस, आत सव्वीस. दुपारी एकलाच शटर उतरवायचं, पण पट्ट्या पार दाबून मिटवायच्या नाहीत. मधल्या बारीक फटी उघड्या ठेवल्या की कोंडलेली गरम हवा निघून जाते. त्या फटींतून उन्हाचे ठिपके फरशीवर ओळीने पडतात आणि दुपारभर इंचाइंचाने सरकतात. आई त्या ठिपक्यांशेजारी सतरंजी टाकून झोपायची. दाराचं शटर मात्र ती रोज स्वतःच्या हाताने बटण दाबून उतरवायची, आधी बागेत डोकावून.

तुम्ही मोठ्या काचेला असं शटर लावणार असाल, तर रंग आणि रिमोट मागाहून बघा. आधी शटर पूर्ण उतरलेलं आहे असं समजून बागेत जाऊन उभे राहा, आणि आत यायला दुसरी वाट आहे का ते तपासा. नसेल तर दाराचं शटर वेगळं घ्या आणि दांड्याचे पैसे वाचवू नका.