हेल्मेटातला वारा

नेवासे तालुक्यातल्या एका गावात सप्ताहाचा पाचवा दिवस होता. कीर्तन सात ते नऊ. पावणेसातला मी मंडपात पोचलो, पखवाजाची गवसणी काढली, धुमाला कणीक लावली आणि शाईवर बोट टाकलं. पट्टी काळी चार. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला होता. दोन गट्टे ठोकले, गजऱ्यावर हातोडीचे दोन-तीन टोले दिले, परत वाजवून पाहिलं. आवाज जरा मिटल्यासारखा वाटला म्हणून आणखी एक टोला दिला. मग मला वाटलं, लागला.

गायनाचार्य बुवांनी मागे वळून पाहिलं. ते बोलले काहीच नाहीत, फक्त तळहात खाली दाबल्यासारखा केला. चढलाय. मी उतरवला. परत तोच हात. शेवटी ते स्वतः उठून आले, पखवाजाला कान लावला आणि हातोडी मागून घेतली. बावीस वर्षं कीर्तनाला साथ करतोय मी. माझा पखवाज दुसऱ्याने लावून द्यायची वेळ शिकत होतो तेव्हापासून कधी आली नव्हती. टाळकरी रांगेत उभे होते, समोर बायाबापड्या बसायला लागल्या होत्या. माझ्या कानात मात्र एक बारीक शीळ सुरू होती. कुणीतरी लांब शेतात पंप सुरू ठेवून निघून गेल्यासारखी.

त्या दिवशी मी राहुरीहून शनिशिंगणापूरमार्गे घोडेगावला येऊन पुढे हमरस्त्याने गेलो होतो. दीड तासाचं अंतर. दीड तास हेल्मेटातल्या स्पीकरवर बुवांच्याच चाली लावलेल्या, आवाज पूर्ण. साथ चांगली व्हावी म्हणून केलेली तयारी होती ती. तीच अंगाशी आली.

दिवसा मी राहुरीत दुकानात कामाला आहे. चार वाजता सुटी झाली की पखवाज मागच्या सीटवर आडवा बांधायचा आणि निघायचं. सप्ताहांच्या दिवसांत आज सोनई, उद्या कोल्हार, परवा शेवगावकडे कुठेतरी. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे, 17 हजार चौरस किलोमीटरच्या वर. हे शाळेत पाठ केलं होतं, पण कळलं ते मोटारसायकलवर. एवढ्या रस्त्यात माणूस गाणं ऐकणार नाही तर काय करणार? आणि माझ्यासाठी ते नुसतं गाणं नव्हतं. नवी चाल कानावरून वीस वेळा गेल्याशिवाय हातात उतरत नाही, आणि घरी वीस वेळा ऐकायला वेळ कुठून आणायचा?

सुरुवात केली ती हँडलला बांधायच्या ब्लूटूथ डब्यापासून. पाण्याच्या बाटलीएवढा स्पीकर, रबरी पट्ट्याने आवळलेला. गावातून हळू जाताना झकास वाजायचा. पारावरची माणसं मान वर करून बघायची, अभंग असला की एखादे आजोबा हातही जोडायचे. वेग पन्नासच्या पुढे गेला की मला ऐकू यायचा बंद व्हायचा. मला नाही, पण रस्त्याकडेच्या वस्तीला येत असणार. म्हणजे चाल शिकायची होती मला आणि ऐकवत होतो सगळ्या जगाला. कुणाच्या घरी आजारी माणूस असेल, कुणी पोर अभ्यासाला बसलं असेल, त्यांनी माझी चाल का ऐकावी? हे मला उशिरा सुचलं. तोवर धुळीनेच त्या डब्याचा निकाल लावला होता. आधी फरफर, मग घोगरा, मग गप्प.

मग कानात घालायचे इयरफोन. हेल्मेट चढवताना ते हमखास हलायचे, एक निसटून गालाच्या गादीत अडकायचा. अर्ध्या तासात कानाची पाळी दुखायला लागायची. ते फार दिवस चाललं नाही.

शेवटी हेल्मेटात बसवायचे चपटे स्पीकर घेतले. भाकरीच्या छोट्या उंड्याएवढे दोन, मधली वायर आतल्या अस्तराखालून जाणारी. बसवणाऱ्या पोराने कानाजवळचा थर्माकोल खरवडायला ब्लेड काढलं, म्हणजे स्पीकर आत नीट बसेल. मी त्याचा हात धरला. डोकं आपटलं तर धक्का झेलतो तो त्या थर्माकोलचा थर. वरचं कवच नुसतं आघात पसरवतं. स्पीकरसाठी तोच कोरायचा म्हणजे घराचा खांब कापून खुंटी ठोकायची. आमच्या हेल्मेटात कानाजागी आधीच खळगा होता. तिथे चिकटपट्टीने बसवले, पण आवाज येईना. दोन दिवस वाटलं, स्पीकरच हलका लागला. मग कळलं की माझे कान त्या खळग्याच्या जरा मागे येतात. हेल्मेट घालून, आरशात बघून, खडूने खूण करून स्पीकर बोटभर मागे सरकवले, आणि आवाज एकदम दारात आल्यासारखा आला. एवढ्याशा फरकाने एवढं होतं. शाईचा घेर गव्हाएवढा सरकला तर पखवाजाचं काय होतं ते मला माहीत होतं. इथे का सुचलं नाही, कोण जाणे.

त्यानंतर वर्षभर मी सुखात होतो. साठच्या वेगाला आवाज थोडा वाढवायचा, सत्तरला अजून थोडा. तो वाढवणारा अंगठा कधी थांबला नाही, याकडे माझं लक्षच गेलं नाही.

कानात शीळ राहिली म्हणून नगरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बंद खोलीत बसवून, कानावर डबे लावून तपासणी केली. कागदावर रेघ सरळ चालली होती आणि 4000 हर्ट्झपाशी एक खळगा. "मोठ्या आवाजात काम करता का?" त्यांनी विचारलं. मी पखवाजाचं सांगितलं, मंडपातल्या कर्ण्यांचं सांगितलं. मग मोटारसायकलचं सांगितलं तशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

इंजिनाचा आवाज नव्हेच, म्हणाले, वाऱ्याचा. हेल्मेटच्या खालच्या कडेपाशी, मानेजवळ वारा भोवरे घेतो आणि तो घोंगावणारा आवाज थेट कानात उतरतो. ताशी 60 च्या आसपासच तो 90 डेसिबलच्या घरात जातो, शंभरच्या वेगाला शंभराच्या. 85 डेसिबल कान आठ तास सोसू शकतो असं धरतात, आणि त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन. शंभराला पाव तास. आणि तुम्ही त्या वाऱ्याच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून गाणं लावता, म्हणजे त्याहून मोठं. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या थकल्या तर रात्रीत सावरतात, मेल्या तर परत उगवत नाहीत.

तेव्हा माझा सूर का चढला ते कळलं. दीड तासाच्या घोंगावण्याने कान वरच्या स्वरांना बोथट झाले होते. शाईची जी बारीक झणक असते तीच मला ऐकू येत नव्हती. ती येईना म्हणून मी टोले देत गेलो.

डॉक्टरांनी औषध दिलं नाही. मेडिकलमधून फोमचे बोळे घ्यायला सांगितले. वाटाण्यापेक्षा थोडे लांबट, बोटांत वळून बारीक करायचे, पाळी वर ओढून कानात सरकवायचे आणि ते फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. मला भीती वाटली की मग हॉर्नही ऐकू येणार नाही. हमरस्त्यावर उलटंच झालं. बोळे सगळेच आवाज खाली आणतात, वाराही आणि हॉर्नही; पण वाऱ्याचं ओझं उतरल्यावर मागच्या ट्रकचा हॉर्न आधीपेक्षा सुटा ऐकू आला. आणि गंमत म्हणजे स्पीकरही. आधी पूर्ण आवाजातही जे टाळ एकमेकांत मिसळायचे, ते आता निम्म्या आवाजात वेगवेगळे मोजता आले. मला वाटलं, आता सगळं जमलं.

गेल्या हंगामात, जानेवारीत, सोनईच्या अलीकडे माझ्यापुढे ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालला होता. रिकाम्या डबल ट्रॉल्या, मागे ना दिवा ना चमकपट्टी, आणि दोन्ही मडगार्डांवर पुरुषभर उंचीचे स्पीकर. आमच्याकडे हंगामात हे नवीन नाही. प्रवरानगरला 1950 साली सहकारी कारखाना उभा राहिला, त्यानंतर जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली. गळीत सुरू झालं की संध्याकाळचे रस्ते ट्रॉल्यांचेच असतात. मी तीनदा हॉर्न दिला आणि उजवीकडून निघालो. माझ्या कानात बोळे, हेल्मेटात नवी चाल, मनात तिचा ठेका. दुसऱ्या ट्रॉलीच्या बरोबरीला आलो आणि ट्रॅक्टर उजव्या हाताच्या पाणंदीकडे वळायला लागला.

रिकाम्या डबल ट्रॉलीचा ड्रायव्हर ब्रेक लावतो तेव्हा मागची ट्रॉली पुढचीला ढकलते, जोडाची पिन खण्णकन वाजते, फळ्या खडखडतात. वळायच्या आधी ते हटकून होतं. लहानपणापासून ऐकलेला आवाज. त्या दिवशीही झालाच असणार. माझ्यापर्यंत पोचला नाही.

मी ब्रेक मारत साइडपट्टीवर उतरलो. वेग फार नव्हता, गाडी आडवी झाली, गुडघा खरचटला. दोरी सुटून पखवाज पाचटातून गडगडत गेला आणि दगडाला थांबला. ट्रॅक्टर पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर वीस-बावीस वर्षांचा पोरगा, पळत आला.

"दादा, लागलं का? आईशप्पथ, हॉर्न ऐकूच नाय आला."

मी हेल्मेट काढलं, कानातले बोळे काढले. तो त्या बोळ्यांकडे बघत राहिला. बोळे निघाले तसा त्याच्या टेपचा आवाज अंगावर आला. तो अजून वाजतच होता. मी काय बोलणार होतो त्याला? "मलाही तुझ्या ट्रॉल्यांचा आवाज ऐकू आला नाही," एवढंच म्हणालो.

त्याने जाऊन टेप बंद केला. मग म्हणाला, "हा बंद केला की डोळा लागतो, दादा. दोन रात्री काट्याच्या रांगेतच होतो." डोळे लाल झाले होते त्याचे. पखवाज उचलायला गेला तेव्हा त्याने आधी चपला काढल्या, गवसणीवरचं पाचट झटकलं आणि दोन्ही हातांवर घेऊन आला. शाईची पुडी फाटली होती.

मी त्याला रागावलो नाही, पण त्या रात्री फार अस्वस्थ होतो. त्याच्या स्पीकरला सगळे नावं ठेवतात, मीही ठेवायचो. माझे स्पीकर कुणाला दिसत नव्हते, कुणाला त्रास देत नव्हते, म्हणून मी स्वतःला त्याच्याहून शहाणा समजत होतो. पण त्या वळणावर आम्ही दोघेही सारखेच बहिरे होतो. त्याला झोप जिंकायची होती, मला चाल पाठ करायची होती. दोघांपैकी एकाला तरी ऐकू यायला हवं होतं, आणि तो दिवसरात्र जागा असलेला पोरगा असावा अशी अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करू?

आता हमरस्त्याला लागलो की बोळे घालतो, स्पीकर बंद. फाट्यावरून आत वळलो की बोळे काढून खिशात आणि वेग चाळीसच्या आत. तेवढ्या वेगाला वाराही फार घोंगावत नाही. ऊस चालू असताना ट्रॉल्यांच्या खडखडाटावरून कोण लादलेला, कोण रिकामा, कोण थांबतोय हे पाठीमागूनच कळतं. स्पीकर मी काढून टाकले नाहीत. त्यांना दुसरं काम दिलंय.

पुढच्या महिन्यात प्रवरासंगमच्या बाजूला कीर्तन होतं. अर्धा तास आधी निघालो. पुलाच्या अलीकडे रस्ता सोडून लिंबाखाली गाडी लावली, हेल्मेट काढून टाकीवर पालथं न ठेवता उताणं ठेवलं आणि चाल लावली. तळातून, आडात कुणी गात असावं तसा आवाज आला. खाली प्रवरा गोदावरीला मिळते तिथे पाणी संथ होतं. मी मांडीवर ठेका धरला, समेला दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा सापडली. चार वेळा ऐकलं. मग बंद केलं आणि उरलेला रस्ता तसाच, काही न लावता गेलो.

मंडपात पेटीवाल्याने काळी चार धरली. नव्या पुडीला मी कणकेचा हात लागू न देता शाईवर बोट टाकलं, एक गट्टा सरकवला, गजऱ्यावर एक टोला दिला. झणक आली. बुवा समोर बघून वीणेकऱ्याशी बोलत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.